स्क्रीनपासून सुट्टी घ्यायचीय? आधी ही तयारी करा

सोशल मीडियापासून महिनाभर लांब राहायचं मी चार वेळा ठरवलं. पहिल्या तीन वेळा जमलं नाही आणि तिन्ही वेळा मी स्वतःलाच बोल लावला, की निश्चय कच्चा पडला. चौथ्यांदा जमलं तेव्हा कळलं, निश्चय आधीही तेवढाच होता. तयारी नव्हती.

पहिल्यांदा रात्री रागाच्या भरात सगळी ॲप्स काढून टाकली. सकाळी गजर बंद करायला फोन हातात घेतला आणि अंथरुणातच त्यातलं एक ॲप परत डाउनलोड केलं. दुसऱ्यांदा एका जवळच्या नातेवाइकांच्या आजारपणाची बातमी फक्त ग्रुपवर आली आणि मला ती दोन दिवसांनी कळली. त्या अपराधीपणात मी सगळंच पुन्हा सुरू केलं. तिसऱ्यांदा ॲप्स महिनाभर बंद राहिली, पण रोज रात्री लॅपटॉपवर मालिका बघत बसले. महिना संपला तेव्हा डोळे तितकेच थकलेले होते.

आपल्या हातातला फोन हे घड्याळ आहे, गजर आहे, टॉर्च आहे, डायरी आहे, बँकेचा दरवाजा आहे, आईशी बोलायचं साधन आहे आणि त्याच काचेवर रील्सही आहेत. रील्स सोडायच्या म्हणून आपण फोन खाली ठेवतो, तेव्हा बाकीची सगळी कामंही अडतात. ती करायला फोन उचलावाच लागतो आणि उचलला की पुढचं आपोआप होतं. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त सुट्टी सुरू होण्याआधीच्या आहेत. त्या गाळू नका. माझ्या तीन वेळा फुकट गेल्या त्या तिथेच.

आधी जमवून ठेवायच्या गोष्टी

- साधं गजराचं घड्याळ, शक्यतो मनगटी घड्याळही
- खिशात किंवा पर्समध्ये मावेल अशी छोटी वही आणि पेन
- महत्त्वाच्या माणसांचे फोन नंबर, कागदावर लिहिलेले
- प्रत्येक अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड. बरेचदा आपण वर्षानुवर्षं लॉगिन असतो आणि पासवर्ड आठवतच नाही
- दोन टप्प्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) सुरू असेल तर त्याचे बॅकअप कोड, छापून किंवा लिहून
- फोन चार्ज करायला झोपायच्या खोलीबाहेरची एक जागा
- विश्वासातलं एक माणूस. ते कशासाठी, ते सहाव्या पायरीत येईल

## १. आठ दिवस नुसतं मोजा

या आठवड्यात काहीही कमी करायचं नाही. आयफोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आणि बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ असतं. दोन्ही सोयी २०१८ साली आल्या. सेटिंग्जमध्ये जाऊन त्या उघडा. एकूण तासांचा आकडा बघून घाबरायला होतं, पण तो फारसा कामाचा नाही, कारण त्यात नकाशा, पुस्तक वाचणं, व्हिडिओ कॉल असं सगळं येतं. दोन आकडे जास्त बोलके आहेत. दिवसातून किती वेळा फोन उघडला आणि उघडल्यावर पहिल्यांदा कुठलं ॲप सुरू केलं. अँड्रॉइडवर हे दुसरं थेट दिसत नसेल तर एक दिवस वहीत लिहून काढा.

त्याच वहीत दुसरी एक नोंद ठेवा. विनाकारण फोन उचललात हे लक्षात आलं की तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, जागा आणि त्याच्या लगेच आधी काय चाललं होतं. प्रत्येक वेळी जमणार नाही. दिवसाला आठ-दहा नोंदी झाल्या तरी पुरे.

मला वाटायचं, मी कंटाळा आला की फोन बघते. वही वेगळंच सांगत होती. माझ्या बहुतेक नोंदी कुठलं तरी अवघड काम सुरू करण्याच्या आधीच्या क्षणाच्या होत्या. हिशेबाची फाइल उघडली, लगेच फोन. कुणाला तरी नकार कळवायचा होता, लगेच फोन. दुसरा मोठा गट होता तो एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या दोन मिनिटांचा. खरा कंटाळा असा फार थोडा निघाला. आणि प्रत्येक नोंदीत हात आधी गेलेला होता, मन मागून पोचलं होतं. हे कळल्यावर माझी स्वतःवरची चिडचिड बरीच कमी झाली. तुमची वही कदाचित वेगळं सांगेल: रात्रीचा एकटेपणा, भांडण झाल्यानंतरचा अर्धा तास, मुलं झोपल्यावरची पोकळी. ती जागा सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण सुट्टीत तुम्हाला नेमकी तीच जागा सांभाळायची आहे.

हात असा का जातो, तेही थोडं समजून घ्या. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या कबुतरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की किती वेळा चोच मारल्यावर दाणा मिळेल याचा नेम नसला, की कबुतर अधिक चिकाटीने चोच मारत राहतं. फीडचं, म्हणजे ॲप उघडल्यावर एकामागोमाग येणाऱ्या पोस्टच्या रांगेचंही तसंच आहे. दहा पोस्ट निरर्थक असतात आणि अकरावी मनापासून आवडते, म्हणून बोट बारावीकडे जातं. त्यात फीडला तळ नाही. पूर्वी पान संपायचं, ‘पुढे’ असं बटण दाबावं लागायचं आणि तेवढ्यात आपण भानावर यायचो. न संपणाऱ्या स्क्रोलची कल्पना २००६ मध्ये आझा रास्किन या डिझायनरने मांडली आणि पुढे तिच्या परिणामांबद्दल त्याने स्वतःच जाहीर खंत व्यक्त केली. तेव्हा थांबता येत नाही म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. थांबायची जागा तिथे ठेवलेलीच नाही. ती आपण बांधून घ्यायची आहे.

## २. कशापासून सुट्टी, ते एका वाक्यात लिहा

‘फोन कमी वापरीन’ हे वाक्य चालत नाही. कमी म्हणजे किती, ते दर वेळी थकलेल्या मनाने ठरवावं लागतं आणि थकलेलं मन नेहमी सवलत देतं.

माझं चौथ्या वेळचं वाक्य असं होतं: ‘१ तारखेपासून ३० तारखेपर्यंत फेसबुक, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब शॉर्ट्स पूर्ण बंद. व्हॉट्सॲप दुपारी एक आणि रात्री आठ वाजता, प्रत्येकी पंधरा मिनिटं, फक्त निरोपांसाठी. स्टेटस बघायचे नाहीत.’ यात तारीख आहे, नावं आहेत, वेळ आहे. तुमचं वाक्य तुमचं असू द्या, पण या तिन्ही गोष्टी त्यात हव्यात.

तीसच दिवस का? त्यात जादू नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजची नवी सवय अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते तपासलं होतं. सरासरी ६६ दिवस निघाले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज आला. त्यामुळे एकविसाव्या दिवशी आपण बदललेले असू अशी अपेक्षा ठेवू नका. महिना एवढ्यासाठी, की पहिला त्रासाचा आठवडा सरल्यावरही सुट्टीचा खरा अनुभव घ्यायला वेळ उरतो. महिना जड वाटत असेल तर दहा दिवस घ्या. एका दिवसाचा उपास मात्र मला फारसा उपयोगी वाटला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं भरून काढलं जातं.

कुणी पूर्ण बंद करू नये: ज्यांचा आधारच ऑनलाइन आहे त्यांनी. घरात आजारी माणसाची काळजी घेणारे, घराबाहेर पडता न येणारे, आपल्यासारखा अनुभव असलेली माणसं ज्यांना फक्त एखाद्या ग्रुपवरच भेटतात असे. त्यांनी तो ग्रुप चालू ठेवावा आणि बाकीचं बंद करावं. ज्यांचं पोटच सोशल मीडियावर आहे, त्यांनी कामाचं अकाउंट कॉम्प्युटरवर, ठरलेल्या वेळेत वापरावं आणि फोनवरून काढावं.

## ३. फोनमधली कामं बाहेर काढा

ही सगळ्यात कंटाळवाणी पायरी आहे आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. हिला एक अख्खी सुट्टीची दुपार द्या.

*गजर आणि घड्याळ.* गजराचं घड्याळ आधी. दिवसातला पहिला आणि शेवटचा स्पर्श फोनला नसला, की निम्मी लढाई तिथेच जिंकली जाते. मनगटी घड्याळाचा फायदा मला नंतर कळला. वेळ बघायला फोन उचलायचे आणि खाली ठेवताना वेळ किती झाली ते आठवायचं नाही, असं माझं दिवसातून कितीदा तरी व्हायचं.

*वाढदिवस आणि कार्यक्रम.* सोशल मीडिया आठवण करून देतं, म्हणून आपण हे लक्षात ठेवणं सोडून दिलेलं असतं. पुढच्या दोन महिन्यांचे वाढदिवस, बैठका, समारंभ वहीत किंवा फोनच्या कॅलेंडरमध्ये उतरवून घ्या.

*माणसं.* मेसेज बॉक्समधून सावकाश खाली जात राहा. काही माणसं फक्त तिथेच आहेत, त्यांचा नंबर तुमच्याकडे नाही असं दिसेल. त्यांच्याकडून नंबर किंवा ईमेल मागून घ्या. मला अशी एकोणीस माणसं सापडली. त्यांतल्या चौघांशी मी सुट्टीत फोनवर बोलले, एकीशी तर सात वर्षांनी.

*लॉगिन.* इथे बरेच जण अडकतात. खरेदीचं, प्रवासाचं, खेळाचं एखादं ॲप तुम्ही कधीतरी ‘फेसबुकने लॉगिन करा’ असं बटण दाबून सुरू केलेलं असतं. फेसबुक अकाउंट झोपवलं आणि नंतर त्या ॲपमध्ये त्याच बटणाने शिरलात, की झोपवलेलं अकाउंट परत जागं होतं. अकाउंट कायमचं काढलं असेल तर त्या ॲपमध्ये शिरणंच अवघड होऊन बसतं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स आणि वेबसाइट्स’ या नावाखाली अशा जोडण्यांची यादी असते. ती बघा आणि त्या प्रत्येक ठिकाणी ईमेल-पासवर्डचं वेगळं लॉगिन करून घ्या.

*ओटीपी आणि कोड देणारी ॲप्स.* साफसफाईच्या उत्साहात ही काढू नका. बँकेचं ॲप, कोड तयार करणारं ॲप, मेसेजची सोय जागेवर राहू द्या.

*फोटो आणि आठवणी.* काही काढून टाकायचा विचार असेल तर आधी तुमच्या माहितीची प्रत मागवा. फेसबुक आणि इन्स्टाग्राम, दोन्हीकडे स्वतःची माहिती डाउनलोड करायची सोय आहे. फाइल लगेच मिळत नाही, कधीकधी बराच वेळ लागतो. तेव्हा ही मागणी शेवटच्या रात्रीवर टाकू नका.

## ४. माणसांना सांगा, पण पोस्ट टाकून नको

‘मित्रांनो, महिनाभर निरोप घेते आहे’ अशी पोस्ट टाकली, की तिच्यावर कोण काय म्हणालं ते बघायला परत यावंच लागतं. माझी पहिली सुट्टी जेमतेम एक रात्र टिकली त्यात या पोस्टचाही वाटा होता.

त्यापेक्षा दहा-पंधरा जणांना एकेकट्याने सांगा. घरचे, जवळचे मित्र, कामावरचे. दोन वाक्यं पुरतात: ‘अमुक तारखेपर्यंत मी सोशल मीडियावर नाही. तातडीचं असेल तर फोन कर, मी उचलेन.’ जे सांगायचं राहतात ते मनाला लावून घेतात. माझ्या धाकट्या भावाने आठव्या दिवशी फोन केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “ताई, माझ्यावर रागावलीस का? माझ्या एकाही फोटोवर तुझं काही नाही.” त्याला सांगायचं मी विसरले होते. घरातलाच म्हणून गृहीत धरलं होतं.

प्रत्येक महत्त्वाच्या ग्रुपमधल्या एका माणसाला एक जबाबदारी द्या: आजारपण, जन्म-मृत्यू, वेळेतला बदल असं काही आलं तर त्याने तुम्हाला फोन करायचा. असा माणूस नेमलेला नव्हता म्हणून माझी दुसरी सुट्टी मोडली.

आणि फोनची घंटी वाजू द्या. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावलं तरी त्यात ठरावीक माणसांचे कॉल येऊ देता येतात. शिवाय एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजू द्यायचीही सोय असते. आयफोनवर तीन मिनिटांत, अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांत आलेला दुसरा कॉल वाजतो. ही सोय चालू आहे का ते एकदा स्वतः दुसऱ्या फोनवरून कॉल करून तपासा. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला त्यामुळे धीर येतो.

## ५. अकाउंट झोपवायचं, काढायचं की नुसतं बाहेर पडायचं?

फोनवरून ॲप काढणं आणि अकाउंट बंद करणं या अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ॲप काढलं तरी अकाउंट जिवंत असतं, लोक टॅग करत राहतात, ईमेल येत राहतात. पहिल्या सुट्टीसाठी कुणीही काही कायमचं काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तो निर्णय तीस दिवसांनी, शांत डोक्याने घ्या. आता प्रत्येकाचे नियम बघा, कारण ते सारखे नाहीत.

- फेसबुक: ‘डीॲक्टिव्हेट’ केलं की प्रोफाइल दिसेनासं होतं आणि लॉगिन करताच परत येतं. मेसेंजर वेगळा चालू ठेवता येतो, तेव्हा तो हवा की नको ते आधीच ठरवा. ‘डिलीट’ केलं तर निर्णय फिरवायला ३० दिवस मिळतात. त्यानंतर सगळी माहिती पुसली जायला ९० दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो.
- इन्स्टाग्राम: इथेही दोन्ही पर्याय आहेत. डीॲक्टिव्हेट आठवड्यातून एकदाच करता येतं. म्हणजे मधे डोकावायला लॉगिन केलंत तर लगेच परत झोपवता येणार नाही.
- एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर: इथे सावध राहा. डीॲक्टिव्हेट करणं हीच काढून टाकण्याची पहिली पायरी आहे. ३० दिवसांत परत लॉगिन केलं नाही तर अकाउंट जातं. महिन्याची सुट्टी घेणाऱ्याने इथे डीॲक्टिव्हेट करूच नये. लॉगआउट करावं आणि ॲप काढावं.
- लिंक्डइन: ‘हायबरनेट’ नावाचा झोपवण्याचा पर्याय आहे. नोकरी शोधत असाल तर तो वापरू नका.
- व्हॉट्सॲप: झोपवायची सोय नाही. अकाउंट डिलीट केलं तर सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडता आणि जुने मेसेजही जातात. सुट्टीसाठी हे कधीही करू नका. ग्रुप ‘कायमचे म्यूट’ करा आणि ‘अर्काइव्ह’मध्ये टाका. तिथे नवा मेसेज आला तरी ग्रुप वर उसळी मारत नाही.

त्यानंतर ब्राउझरकडे वळा. फोनमधल्या आणि कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमधूनही लॉगआउट करा आणि साठवलेले पासवर्ड तिथून पुसून टाका. ‘अमुकने नवा फोटो टाकला’ असे ईमेल पाठवायची परवानगीही सेटिंग्जमधून काढून घ्या. सुट्टीच्या पाचव्या-सहाव्या दिवशी असा एक ईमेल आला, की हात थरथरतो.

## ६. फोन बेचव करा

काढून टाकलेल्या ॲपची जागा उरलेलं एखादं ॲप घेतं. माझ्या बाबतीत आधी बातम्या, मग हवामान. दिवसातून वीस वेळा मी हवामान बघत होते. म्हणून उरलेला फोनही जरा कोरडा करून ठेवावा लागतो.

रंग काढून टाका. आयफोनवर ॲक्सेसिबिलिटीमधल्या ‘कलर फिल्टर्स’मध्ये आणि अँड्रॉइडवर डिजिटल वेलबीइंगच्या ‘बेडटाइम मोड’मध्ये स्क्रीन काळी-पांढरी करायची सोय आहे. नकाशा आणि फोटो बघताना अडचण होते, तेवढ्यापुरते रंग परत आणता येतात. नोटिफिकेशन फक्त माणसांचे ठेवा: कॉल आणि थेट मेसेज. यंत्राने आपणहून पाठवलेलं सगळं बंद.

यूट्यूब कामासाठी लागत असेल तर ‘वॉच हिस्टरी’, म्हणजे पाहिलेल्या व्हिडिओंची नोंद, पुसून टाका आणि बंद ठेवा. २०२३पासून असं केलं, की पहिल्या पानावर सुचवलेले व्हिडिओ दिसतच नाहीत. रिकामं पान आणि शोधायची चौकट तेवढी उरते. हवं ते शोधायचं, बघायचं, बाहेर पडायचं. एक व्हिडिओ संपला की पुढचा आपोआप सुरू करणारा ऑटोप्लेही बंद करा.

ॲपला वेळेची मर्यादा घालणार असाल तर तिचा कोड स्वतः ठरवू नका. मर्यादा संपली की आयफोन ‘आजच्यापुरतं दुर्लक्ष करा’ असा पर्याय देतो आणि आपण तो हमखास दाबतो. कोड विश्वासातल्या माणसाला घालू द्या आणि तो तुम्हाला न सांगायला बजावा. अँड्रॉइडवरचं टायमर मात्र आपणच सहज काढू शकतो, त्यामुळे तिथे ॲप काढून टाकणंच बरं.

## ७. मोकळा होणारा तास कुठे जाणार?

२०१८ मध्ये अमेरिकेत हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी एक मोठा प्रयोग केला. निवडणुकीच्या आधीचे चार आठवडे लोकांना पैसे देऊन फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. माणशी रोज सरासरी तासभर मोकळा झाला. तो थोडा घरच्यांशी आणि मित्रांशी बोलण्यात गेला आणि थोडा एकट्याने टीव्ही बघण्यात. लोकांना थोडं बरं वाटलं आणि त्यांचा राजकीय कडवेपणाही काहीसा उतरला. घडामोडींची माहिती मात्र कमी झाली.

टीव्हीचा तो उल्लेख वाचला तेव्हा मला माझी तिसरी सुट्टी आठवली. मोकळा तास मोकळा राहत नाही. जवळच्या स्क्रीनकडे वळतो.

म्हणून वहीतल्या नोंदी परत काढा आणि त्या नेमक्या जागी काहीतरी हाताशी ठेवा. ‘वाचन वाढवीन’ असं नको. एक ठरावीक पुस्तक, उशीपाशी, खूण घातलेलं. ‘व्यायाम करीन’ असं नको. चालायचे बूट दारात. अवघड काम सुरू करण्याआधी माझा हात फोनकडे जायचा, म्हणून तिथे मी कोरा कागद ठेवला. फाइल उघडायच्या आधी त्या कामातली पहिली अगदी छोटी कृती कागदावर लिहायची: ‘मागच्या महिन्याची बेरीज तपास.’ हाताला काम मिळालं आणि अवघड काम सुरूही झालं. हाताने करायच्या गोष्टी इथे सगळ्यात चांगल्या चालतात. विणकाम, चित्र, कुंड्यांची माती, एखादं वाद्य, मोडलेली वस्तू दुरुस्त करणं.

बातम्यांसाठी एकच स्रोत आणि दिवसातली एकच वेळ ठरवा. छापील वर्तमानपत्र असेल तर उत्तम, कारण ते संपतं.

## ८. पहिले दहा दिवस

पहिला दिवस सोपा जातो, उत्साह असतो. दुसऱ्या दिवसापासून चौथ्यापर्यंत चुळबूळ होते. खिशात फोन थरथरल्याचा भास होतो आणि बघावं तर काहीच नसतं. हे अनेकांना होतं, घाबरू नका. आपण सोडून सगळे कुठेतरी जमलेत अशी हुरहूर लागते. माझी ती संध्याकाळी सातच्या सुमारास यायची आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरायची. त्या वेळी मी घराबाहेर पडायचे, फोन न घेता.

पाचव्या-सहाव्या दिवशी एक वेगळाच त्रास सुरू झाला. इतके दिवस ज्या विचारांवर फीडची चादर होती ते वर आले. एका मैत्रिणीशी अर्धवट राहिलेलं बोलणं, आईची तब्येत, कामातलं असमाधान. सुट्टी मोडण्याचा सगळ्यात मोठा धोका मला इथे वाटला, कारण आपल्याला सुट्टीमुळे वाईट वाटतंय असा समज होतो. ते विचार वहीत लिहा, कुणाशी तरी बोला. उदासी रोज वाढत चालली, झोप उडाली, कशातच मन लागेना, तर सुट्टी पुरी करायचा हट्ट सोडून डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा.

आठव्या दिवसानंतर मला झोप लवकर येऊ लागली. दहाव्या दिवशी मी एका दमात पुस्तकाची चाळीस पानं वाचली. तुमचे दिवस पुढेमागे होतील.

कामासाठी दिवसभर स्क्रीन सुटत नसेल, तर डोळ्यांना तरी विसावा द्या. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघायचं. स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. मुद्दाम मिटत राहा.

## ९. मधेच चुकलं तर

चुकेल. माझं अकराव्या दिवशी चुकलं. रांगेत उभी असताना ब्राउझरमधून चाळीस मिनिटं व्हिडिओ बघितले. लॅलींच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं, की एखादा दिवस हुकला तरी सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. ‘आता मोडलीच आहे तर’ हा विचार मात्र सगळं बुडवतो. वहीत वेळ-जागा-आधी काय होतं ते लिहा आणि ज्या फटीतून आत शिरलात ती बंद करा. माझी फट म्हणजे न पुसलेला एक पासवर्ड. दिवस पुन्हा शून्यापासून मोजू नका. तो अकरावा दिवस होता आणि उद्या बारावा.

## १०. परत येताना

एकतिसाव्या दिवशी सगळी ॲप्स एकदम डाउनलोड करू नका. त्याआधी, सुट्टीत असतानाच, कागदावर लिहा की तुम्हाला खरोखर कशाची उणीव भासली. माझी यादी तीन ओळींची झाली: चुलत बहिणीच्या बाळाचे फोटो, शिवणकामाचा एक ग्रुप आणि दोन जुने मित्र. तीस दिवसांत आणखी काहीही आठवलं नव्हतं. त्यातले फोटो तर बहिणीने थेट पाठवायलाही सुरुवात केली होती.

मग एका आठवड्याला एकच अकाउंट उघडा, तेही कॉम्प्युटरवर. पहिला अर्धा तास फीड न बघता फक्त काटछाट करायची. यादीत नसलेली पानं, ग्रुप आणि ओळखीपाळखीचे लोक ‘अनफॉलो’ करा. फेसबुकवर अनफॉलो केलं तरी मैत्री तुटत नाही आणि समोरच्याला कळतही नाही. शेकडो नावं असतील तर एका बैठकीत होणार नाही, चार-पाच बैठका लागतील. नोटिफिकेशन बंदच राहू द्या. ज्या कामासाठी आलात ते वहीत लिहून मगच लॉगिन करा आणि ते झालं की लॉगआउट करा. पुढच्या वेळी लॉगिन करताना ब्राउझर विचारेल, पासवर्ड लक्षात ठेवू का? तिथे ‘नाही’ दाबा.